दोन स्वल्पविराम

फोंडाघाटच्या शाळेत इंग्रजीचे सर दोन वाक्यांचं एक करायला द्यायचे. 'फोंडाघाट इज अवर व्हिलेज. इट इज इन कणकवली तालुका.' उत्तर : 'फोंडाघाट, अवर व्हिलेज, इज इन कणकवली तालुका.' नामाला खेटून त्याचीच ओळख सांगणारं दुसरं नाम, म्हणजे ॲपोझिटिव्ह. मला पैकीच्या पैकी मार्क.

परवा ऑफिससाठी स्वतःबद्दल चार ओळी इंग्रजीत लिहीत होतो. 'माय ब्रदर' लिहून पुढे दादाचं नाव टाकलं. ॲपने नावाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम सुचवले. 'ओके' दाबणार, तेवढ्यात सरांचा नियम आठवला. स्वल्पविराम दिले, की भाऊ एकच. नाव नुसतं जास्तीची माहिती. नाही दिले, की भाऊ आणखीही असू शकतात; त्यांतला हा कोणता, ते नाव सांगतं.

मराठीत हा प्रश्नच येत नाही. 'माझा भाऊ' म्हणून नाव घेतलं, तरी भाऊ किती ते कळत नाही.

धाकटा सहावीत असताना तापाने गेला. कुणी विचारलं, की आई आजही "तीन मुलगे" म्हणते.

मी स्वल्पविराम घेतले नाहीत. ॲपची निळी रेघ अजून त्या नावाखाली आहे. असू दे.