गाडीचा पहिला रंग

मैत्रिणींनो, घरातली वस्तू जरा जुनी दिसू लागली की तिला रंग काढायची आपल्याला कोण घाई! दिवाळी आली, रंगवा खिडक्यांचे गज. पाहुणे येणार, रंगवा लोखंडी कपाट. पण जुन्या मोटारीच्या बाबतीत ही घाई महागात पडते, म्हणून आज लिहायला बसले. गाडी म्हणजे पुरुषांचा विषय, असं म्हणून पान उलटू नका हं. घरात काय राखायचं आणि काय नाही, हे शेवटी आपल्याच गळ्यात येतं.

आमच्या मामंजींनी १९७३ साली फियाट घेतली. नंबर लावून कित्येक वर्षं वाट पाहिली, तेव्हा कुठं ती दारात आली. फिकट निळी. पुढं ती यांच्या हाती आली. हे गेल्याला आता चार वर्षं झाली, गाडी आपली शेडमध्ये उभी. गेल्या वर्षी नातीचं लग्न ठरलं आणि मुलानं बेत काढला : नवरानवरीला याच गाडीतून आणायचं, पण आधी सगळा रंग खरवडून नवा मारायचा.

"आई, चारचौघांत अशी विटकी गाडी बरी दिसेल का?" तो म्हणाला.

त्याचं तरी काय चुकलं? टपावर हात फिरवला की खडूसारखी भुकटी हाताला लागायची. दाराखाली गंज धरला होता. पण मैत्रिणींनो, ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला वीतभर जागेत रंग झिजून आतलं लालसर अस्तर दिसतं. तिथं यांचं कोपर असायचं. जोतिबा असो, नरसोबाची वाडी असो की पन्हाळा, काच खाली आणि कोपर बाहेर. तीस वर्षं! ती जागाही खरवडणार, या विचारानं माझ्या तोंडून शब्द फुटेना.

पण नुसत्या भावनेवर मुलं ऐकत नाहीत, त्यांना कारण लागतं. म्हणून उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या पेंटरना घरी बोलावलं. त्यांनी दार उघडून आतली कड पाहिली, डिकीतली चटई उचलली, काचेच्या रबरावरून बोट फिरवलं. रबरावर रंगाचा एक शिंतोडा नाही! म्हणाले, "काकी, ह्यो कंपनीचाच रंग हाय. भट्टीतला. आमी मारू त्यो निस्ता वाऱ्यावर वाळतोय. चकाकंल झकास, पर ह्यो परत न्हाई यायचा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. कारखान्यात गाडीचा मोकळा सांगाडा आधी धुतात, अस्तर देतात, वर रंगाचे हात मारतात आणि मोठ्या भट्टीत भाजून काढतात. जुळलेल्या गाडीत काचा, रबरं, वायरी असतात, तिला तशी धग कशी देणार? आणि हा सगळा थर जाडीला किती, तर मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. एकदा खरवडला की गेला.

गंमत म्हणजे रंगाच्या या शास्त्रातला एक शब्द आपल्या घरात कधीचा येऊन बसलाय. कपाटाला 'ड्यूको' मारतात ना, ते मुळात अमेरिकेतल्या ड्यू पॉन्ट कंपनीच्या रंगाचं नाव. त्याआधी मोटारी ब्रशानं रंगवत आणि एकेक गाडी वाळायला आठवडे लागत. १९२३ साली हा फवारून मारायचा, झटपट वाळणारा रंग गाड्यांवर आला आणि रंगीत गाड्या भराभर निघू लागल्या.

दसऱ्याला आपल्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक येते, तेव्हा तिला बघायला माणूस माना उंचावतो. ती नवी गाडी असती तर कोण थांबलं असतं? जुन्या गाड्या जपणाऱ्यांची 'फिवा' नावाची जागतिक संघटना १९६६ पासून आहे. तिचाही आग्रह हाच, की मूळचं जितकं राखता येईल तितकं राखा. आपल्या सरकारनंही २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले : गाडी पन्नास वर्षांपुढची हवी आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आमची फियाट आता त्या वयाची झाली की! हे कळल्यावर मुलगाही मऊ आला.

शेवटी ठरलं असं : दाराखालचा गंज तेवढा काढायचा, तिथंच मिळताजुळता रंग लावायचा, बाकी गाडी फक्त स्वच्छ करायची. ते काम मी आणि सूनबाईंनी मिळून केलं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढं ध्यानात ठेवा.

आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या. कोरडं फडकं मारलंत तर तीच धूळ ओरखडे काढते. भांड्यांची पावडर, धुण्याचा सोडा अजिबात नको. धुणं नेहमी सावलीत. पुसायला जुनं मऊ धोतर उत्तम. पांढऱ्या फडक्याला थोडं पॉलिश लावून एका कोपऱ्यात घासून बघा : फडक्याला गाडीचा रंग लागला, तर वर पारदर्शक थर नाही, म्हणजे दर पॉलिशला रंगच झिजतोय. तेव्हा हात हलका ठेवा, आणि कंपाउंड नको, नुसतं मेण. पक्ष्याची घाण दिसताक्षणी भिजवून काढा. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचं आवरण घालू नका. आत दमट हवा कोंडते आणि गंज धरतो. सुती आवरण बरं.

लग्नात गाडी निघाली ती झेंडूच्या माळा लेऊन, आरशासारखी नव्हे पण नेटकी. नात गाडीत बसली, काच खाली केली आणि नेमकं त्या झिजल्या कडेवर मेंदीचा हात ठेवला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.