लेक निघाला जोहान्सबर्गला

धाकट्याला जोहान्सबर्गला नोकरी लागली. बॅग भरता भरता त्याच्या अम्मीनं विचारलं, "आहे तरी काय तिथं?"

म्हणालो, "सोनं. १८८६ मध्ये माळरानावर सोनं सापडलं. खाणी निघाल्या, तंबू पडले आणि बघता बघता मोठं व्यापारी शहर झालं."

खोदकाम आमच्या इनामगावातही झालं, १९६८ ते १९८३. डेक्कन कॉलेजच्या त्या कामात झेड. डी. अन्सारी होते. सापडली ती तीन हजार वर्षांपूर्वीची घरं आणि घरातल्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली तान्ही बाळं. मेलेलं लेकरूही त्या आयांना दूर धाडवलं नसेल. आम्ही तर जिवंत पोराला सातासमुद्रापार पाठवत होतो.

निघताना त्याला सांगितलं, "बेटा, तिथल्या हमीदिया मशिदीत आधी दोन रकात नमाज पढ. १६ ऑगस्ट १९०८ रोजी तिच्या आवारात गांधीजींसोबत आपल्या लोकांनी हजारावर नोंदणी दाखले जाळले. त्यांत व्यापारी होते, फेरीवाले होते. रोजी जाईल, तुरुंग मिळेल, हे त्यांना ठाऊक होतं. पैसा जरूर कमव. पण मान विकून नको."

अम्मी एवढंच म्हणाली, "फी अमानिल्लाह."