जावा बेटावरील अखेरचे तीन दिवस

परदेशच्या प्रवासातील अखेरचे दिवस मोठ्या घाईचे असतात. पहिल्या आठवड्यात सवडीने हिंडणारा माणूस शेवटी यादी काढून बसतो आणि जे जे राहिले ते सारे दोन-तीन दिवसांत उरकू पाहतो. अशा घाईत पाहिलेली स्थळे घरी पोहोचेपर्यंत एकमेकांत मिसळून जातात. इंडोनेशियाच्या आमच्या प्रवासात हे टळले, आणि त्याचे श्रेय माझ्या मित्राचे आहे.

हा मित्र इंदूरचा, माझा शाळासोबती. सारी हयात त्याने मुलांना चित्रकला शिकवली. काही वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू झाल्याचे निदान झाले. या विकारात दृष्टी बहुधा कडांकडून आत आक्रसत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधोपचाराने उरलेली राखावयाची, एवढेच हाती असते. तो म्हणतो, “मला जग आता चौकटीतल्या चित्रासारखं दिसतं, आणि ती चौकट लहान होत चालली आहे.” विद्यार्थिदशेत छायाचित्रांत पाहिलेले बोरोबुदूर आहे त्या डोळ्यांनी एकदा पाहून घ्यावे, म्हणून तो निघाला होता, सोबत म्हणून मी.

बाली आटोपून योग्याकार्ता शहरी उतरलो तेव्हा हाती तीन दिवस उरले होते. १७५५ साली स्थापन झालेला सुलतानांचा राजवाडा, त्यांचे ‘तमन सारी’ हे जलोद्यान, मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरील जीपची सफर, बाटिकची दुकाने आणि दोन प्राचीन देवस्थाने, असे सारे बसवून आमच्या उतारगृहातील कारकुनाने एक तक्ता करून दिला. मित्राने तो डोळ्यांजवळ धरून वाचला आणि हसून म्हणाला, “अरे, हे तर शाळेचं वेळापत्रक झालं. घंटा वाजली की दुसरा विषय! मला दोनच विषय दे, पण पुरते दे.” तेव्हा ठरले ते असे की, दोन दिवस बोरोबुदूर आणि एक दिवस प्रंबानन.

बोरोबुदूर हे योग्याकार्ताच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरवर आहे. इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत, शैलेंद्र राजांच्या अमदानीत, एका टेकडीवर हा प्रचंड स्तूप उभारला गेला. पुढे तो ओस पडला आणि ज्वालामुखीची राख व रान यांनी झाकला गेला. १८१४ साली जावाचा इंग्रज शासक स्टॅम्फर्ड रॅफल्स याच्या कानी त्याची वार्ता गेली आणि झाडी तोडून तो मोकळा करण्यास आरंभ झाला. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर येथे येऊन गेले. पावसाचे पाणी मुरून भिंती कलू लागल्या, तेव्हा युनेस्कोच्या साहाय्याने १९७३ मध्ये जीर्णोद्धार हाती घेण्यात आला. चौरस मजल्यांचे दगड उतरवून, आत निचऱ्याची सोय करून, ते पुन्हा जागच्या जागी बसविण्याचे हे काम १९८३ मध्ये पुरे झाले.

दगडांची झीज होऊ नये म्हणून आता वर चढणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात. प्रत्येक गटाबरोबर मार्गदर्शक असतो, वेळही सुमारे तासाभराचाच मिळतो, आणि पायांत घालावयास विणलेल्या चपला देतात. त्या चपलांना ‘उपानत’ म्हणतात. हे संस्कृत ‘उपानह्’ होय. आपली ‘वहाण’ त्याच घराण्यातील. आमच्या मार्गदर्शक तरुणीस मित्र शिक्षक होता हे समजले तेव्हापासून ती त्याला ‘पाक गुरू’ म्हणू लागली. ‘पाक’ म्हणजे वडीलधारा पुरुष, आणि तिकडे शाळामास्तरांना ‘गुरू’च म्हणतात. निवृत्त झाल्यानंतर बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्याला त्याच्या पेशाच्या नावाने हाक मारीत होते.

या स्तूपावर एकंदर २६७२ शिल्पपट आहेत. तासाभरात त्यांतले काय पाहावे? पहिल्या दिवशी आम्ही पहिल्या सज्ज्याची दक्षिण बाजू तेवढी निवडली. या सज्ज्याच्या भिंतीवर वरच्या ओळीत ‘ललितविस्तर’ या ग्रंथाच्या आधारे बुद्धचरित्राचे १२० प्रसंग कोरले आहेत. तुषित स्वर्गातून अवतरण्यापासून सारनाथच्या प्रथम प्रवचनापर्यंत ही कथा प्रदक्षिणेच्या दिशेने चालत जाते. रथात बसून लुंबिनीस निघालेल्या मायादेवीच्या शिल्पापुढे मित्र बराच वेळ उभा राहिला. “बघ, एवढं चित्र माझ्या चौकटीत बरोबर बसतं,” तो म्हणाला. सज्जा अरुंद असल्यामुळे भिंतीपासून फार दूर जाताच येत नाही. प्रत्येकाला एका वेळी एकच पट पाहावा लागतो. त्या वाटेवर माझ्या आणि त्याच्या दृष्टीत फारसे अंतर राहिले नाही.

उत्तरेच्या बाजूस एका जहाजाचे प्रसिद्ध शिल्प आहे. त्याच्या नमुन्यावर बांधलेले गलबत २००३-०४ मध्ये जाकार्ताहून आफ्रिकेतील घानापर्यंत गेले होते. ते शिल्प पाहावयाचे राहिले. परंतु खाली उतरल्यावर आग्नेय कोपऱ्यात जे पाहिले त्याने ही रुखरुख नाहीशी केली. स्तूपाच्या मूळ पायावर कर्म आणि त्याचे फळ दाखविणारे १६० शिल्पपट आहेत, आणि खुद्द बांधणाऱ्यांनीच ते बाहेरून दगडांचा आणखी एक थर रचून झाकून टाकले. डोलारा खचू नये म्हणून, की काही धार्मिक हेतूने, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. १८८५ मध्ये त्यांचा शोध लागला; त्यानंतर छायाचित्रे घेऊन ते पूर्ववत झाकण्यात आले. आज या कोपऱ्यातले काही तेवढे उघडे आहेत. बाकीचे कोणाच्याच दृष्टीस पडत नाहीत. तरी ते जागच्या जागी आहेत.

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट माथ्यावर गेलो. चौरस सज्जे संपले की एकदम मोकळे आकाश लागते. तेथे तीन वर्तुळाकार चौथऱ्यांवर ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप आहेत आणि प्रत्येकात एक बुद्धमूर्ती बसली आहे. खालच्या दोन चौथऱ्यांवरील जाळीची छिद्रे शंकरपाळ्याच्या आकाराची आहेत; वरच्या चौथऱ्यावर ती सरळ चौकोनी होतात. हा फरक मला दिसला नव्हता. चित्रकलेच्या मास्तराने तो दाखविला. सर्वांच्या मध्यभागी जो मोठा स्तूप आहे त्याला जाळी नाही, दार नाही, कथाशिल्पही नाही.

मित्र त्याच्यापुढे उभा राहून म्हणाला, “खाली पाहायला किती गर्दी होती! माणसं, हत्ती, झाडं, राजवाडे. इथं चढत यावं तसं पाहायचं कमी होत जातं. जाळीतली मूर्ती अर्धीच दिसते, आणि शेवटी काहीच नाही. ज्यांनी हे बांधलं त्यांना हे कमी होणं म्हणजे वरच्या पायरीवर जाणं वाटलं असेल.” जरा थांबून तो पुढे म्हणाला, “मला अजून तसं वाटत नाही. पण तसं वाटू शकतं, हे कळलं.” यावर मी काही बोललो नाही. उत्तर द्यावे असे त्यात काही नव्हतेच.

ज्यांच्या घरी अधू दृष्टीची माणसे आहेत अशा वाचकांसाठी दोन गोष्टी सांगतो. येथील पायऱ्या उभ्या व उंच आहेत, आणि चढण्यापेक्षा उतरणे कठीण. आम्ही उतरताना मी एक पायरी खाली राहून पुढे चालत असे; तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने पायऱ्या मोजी. सकाळची वेळ घ्यावी; उन्हाचा ताप कमी असतो. पावसाळा तिकडे साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असतो. तेव्हा दगड निसरडे होतात, म्हणून मे ते सप्टेंबर हे महिने बरे.

तिसरा दिवस प्रंबाननचा. शहराच्या पूर्वेस सुमारे १७ किलोमीटरवर नवव्या शतकातील हा मंदिरसमूह आहे. मधले शिवमंदिर ४७ मीटर उंच असून त्याच्या दोन बाजूंस ब्रह्मा व विष्णू यांची मंदिरे आहेत. शिवमंदिराच्या कठड्याच्या आतील अंगास रामायण कोरले आहे. प्रदक्षिणा घालीत जावे तशी कथा पुढे सरकते. वानरसेना सेतूवरून लंकेकडे निघते तेथे हे मंदिर संपते आणि उरलेली कथा शेजारच्या ब्रह्ममंदिरावर पुरी होते. मूळच्या २४० मंदिरांपैकी बहुतेक लहान मंदिरे आज दगडांच्या राशी होऊन पडली आहेत. शिवमंदिरही तसेच ढासळले होते. दगडाला दगड जुळवून ते १९५३ मध्ये पुन्हा उभे राहिले. २००६ च्या भूकंपात या मंदिरांना पुन्हा इजा पोहोचली आणि पुन्हा ती सावरण्यात आली.

रात्री उघड्या रंगमंचावर रामायण नृत्यनाट्य झाले. १९६१ पासून ते येथे होत आले आहे, आणि राम-सीता साकारणारे कलावंत बहुतेक मुसलमान असतात. अंधारात मित्राला फारच थोडे दिसे. पहिला अर्धा तास मी त्याच्या कानाशी लागून सांगत होतो, “आता सुवर्णमृग आला, आता रावण.” मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “राहू दे. कथा मला ठाऊक आहे; वाद्ये ऐकू दे.” गामेलानच्या काशाच्या घणघणीत सुरांत पुढचे सारे रामायण त्याने डोळे मिटून ऐकले. नंतर आम्ही ‘गुडेग’ जेवलो. हा कोवळा फणस नारळाचे दूध व माडाचा गूळ घालून तासन्‌तास शिजवितात. कोकणच्या फणसाच्या भाजीची ही जरा जास्त गोड बहीण म्हणावयास हरकत नाही.

इंडोनेशियाच्या भाषेत निरोपाचे दोन वेगळे शब्द आहेत. जो निघतो तो राहणाऱ्याला ‘सलामत तिंगाल’ म्हणतो, म्हणजे सुखाने राहा. राहणारा निघणाऱ्याला ‘सलामत जालान’ म्हणतो, म्हणजे सुखाने जा. आम्ही विमानतळाकडे निघालो तेव्हा उतारगृहाच्या दारातून ‘सलामत जालान’ आले. मी शिकलेला शब्द उच्चारला. मित्राने मात्र हात जोडले आणि आपल्याकडे घराबाहेर पडताना जे म्हणतात तेच मराठीत म्हटले : “येतो.”