नाताळचं गवत

परंपरा सुरू करायच्या असतात, हे मला वसई सोडेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या वाडीत नाताळ पावसासारखा यायचा. डिसेंबर लागला की पोरं बांबूच्या कामट्या सोलून तारे बांधायला बसत. बायका करंज्या लाटायच्या, आज एकीच्या ओटीवर, उद्या दुसरीच्या. चर्चजवळ तरुण मंडळींचा गोठा उभा राहायचा आणि तो शेजारच्या वाडीपेक्षा मोठा कसा होईल यावर रात्र रात्र खल चालायचा. चोवीस तारखेला रात्रीच्या मिस्सेसाठी आजी लाल लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी तयार असायची. आम्ही कादोडी बोलणारे कुपारी कॅथलिक. मराठ्यांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली, राज्य बदललं, तरी नाताळ टिकला. तो टिकवायला कुणी काही करतंय असं मला लहानपणी कधी वाटलं नाही. जे आपोआप चालतं असं दिसतं ते कुणीतरी रोज चालवत असतं, हे कळायला इंजिनिअरिंग आणि मग सहा वर्षांची नोकरी लागली.

आता आम्ही वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड. बायको श्रीरामपूरकडची, हरेगावच्या मतमाउलीची यात्रा दरवर्षी करत वाढलेली. तिच्याकडचा नाताळ टाळ-मृदंगाच्या भजनांचा, माझ्याकडचा बँडच्या तालावरच्या गाण्यांचा. दोघंही मराठी, दोघंही कॅथलिक, आणि लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात करंजीच्या सारणावरून आमचं चांगलं वाजलं. मुलं झाल्यावर वेगळाच प्रश्न समोर आला. मुलगी बालवाडीतून कापसाची दाढी लावून घरी आली आणि तिला नाताळबद्दल विचारलं, तर तिनं सांगितलं की त्या दिवशी सांता मॉलमध्ये येतो. ती खोटं काहीच बोलत नव्हती. तो येतोच.

मग आम्ही ठरवलं की घरात काहीतरी सुरू करायचं. माझी अट एकच: दमलेल्या माणसांना दरवर्षी जमेल एवढंच. डिसेंबरच्या शेवटी आमचा अमेरिकेतला क्लायंट कोड फ्रीझ करतो, म्हणजे त्याच्या आधीचे तीन आठवडे आमच्यावर सगळं कोसळलेलं असतं. नेमका तोच आगमनकाळ. चोवीस खिडक्यांचं कॅलेंडर, रोज एक हस्तकला, रोज एक गोष्ट, असले बेत मी दुसऱ्या दिवशीच हाणून पाडले.

एक प्रकार बायकोला आवडला होता: मुलानं चांगलं काम केलं की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची, म्हणजे नाताळापर्यंत बाळ येशूसाठी मऊ बिछाना होतो. कल्पना गोड आहे. पण मी दिवसभर टास्क बोर्डावर कार्डं सरकवतो, घरी आल्यावर पोरीच्या चांगुलपणाचं तेच करायला माझं मन होईना. भावाला खेळणं दिलं आणि लगेच काडी मागायला आली तर काय, असं मी विचारलं. बायको म्हणाली, "तिच्यापेक्षा तुझाच हिशोब जास्त चाललाय." तरी काड्या राहिल्या.

शेवटी तीन गोष्टी उरल्या. पहिली, चार दिवे. आगमनकाळाचं चार मेणबत्त्यांचं चक्र आपल्याकडे चर्चमध्ये वेदीजवळ असतं. मला ते फार जुनं कॅथलिक काहीतरी वाटायचं. ते निघालं हॅम्बर्गच्या योहान विशर्न या प्रोटेस्टंट पाळकाचं. गरीब मुलांसाठी त्यानं संस्था चालवली होती. नाताळ कधी, नाताळ कधी, असा तिथल्या पोरांनी धोशा लावला, म्हणून 1839 साली त्यानं गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर रविवारांच्या मोठ्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या लावल्या. कॅथलिक घरांत ते विसाव्या शतकात आलं. हे वाचून मला बरंच मोकळं वाटलं. आम्हाला जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या नाहीत, म्हणून दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्या रंगवल्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. पहिल्या रविवारी एकच लावायची. मुलीला चारही हव्या होत्या. ती रडली, आणि आम्ही एकच लावली. चार आठवडे एखादी गोष्ट समोर असून घ्यायची नाही, हे तिला दुसरीकडे कुणी शिकवणार नाही. केक तर नोव्हेंबरपासूनच दहा मिनिटांत दारात येतो.

दुसरी, रिकामी गव्हाणी. गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढपाळ, बैल, गाढव सगळे असतात, पण बाळ चोवीसच्या रात्रीपर्यंत कपाटात. तीन राजे गोठ्यापासून लांब निघतात, रोज थोडे पुढे सरकतात आणि सहा जानेवारीला पोचतात. हे सरकवण्याचं काम मुलीकडे आहे. तिचे राजे चपलांच्या कपाटात मुक्काम करतात, फ्रिजवर चढतात, एकदा कुकरच्या शिट्टीशेजारी सापडले.

तिसरी गव्हाची, आणि ती माझी आवडती. आजी गोठ्यासाठी ताटात माती पसरून धान्य पेरायची आणि नाताळापर्यंत गोठ्याला खरं हिरवं गवत मिळायचं. आम्ही गुलाबी पणतीच्या रविवारी पेरतो. गहू रात्री भिजत घालायचे, स्टीलच्या परातीत दोन बोटं माती, वरून दाणे दाट पसरायचे आणि रोज पाणी नुसतं शिंपडायचं. ओतलं की बुरशी येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरी टोकं दिसतात, आठवड्याभरात बोटाएवढी पाती. समोरच्या काकू परात बघून म्हणाल्या, "अगं बाई, तुमच्यात पण घट बसतात होय?" मी म्हटलं, बसतात, फक्त नऊ दिवसांवर भागत नाही. त्या आता रोज येऊन अंकुर बघून जातात आणि पाणी जास्त झालंय असं बजावतात.

हे सगळं सांगायला सोपं आहे. अवघड भाग असा की माझा विश्वास आजीइतका साधा राहिलेला नाही. रविवारची मिस्सा मी बऱ्याचदा चुकवतो. बायकोची श्रद्धा पक्की आहे. मुलीनं एकदा विचारलं, "पप्पा, आपण प्रार्थना करतो तेव्हा तुझे डोळे उघडे का असतात?" तिचे उघडे असल्याशिवाय तिला हे कसं कळलं, असं विचारून मी वेळ मारून नेली. पण रात्री भांडी लावताना मी बायकोला म्हटलं, की मी मुलांना वाट बघणं देऊ शकतो, माती आणि दिवे देऊ शकतो, पुढचं त्यांचं त्या बघतील. ती म्हणाली, "मग नुसतं गवतच उगवेल." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

एवढं मात्र मला माहीत आहे, की असिसीच्या फ्रान्सिसनं 1223 साली ग्रेचो गावात पहिला गोठा मांडला तेव्हा त्यात मूर्ती नव्हत्या. गव्हाणी होती, गवत होतं, खरा बैल आणि खरं गाढव होतं आणि बघायला आलेली गावची माणसं होती. बायकोला हे सांगितलं तेव्हा तिनं बरोबर आठवण करून दिली, की त्या रात्री त्या गव्हाणीवर मिस्साही झाली होती.

गेल्या नाताळात मुलीनं स्वतःहून एक भर घातली. पणती लागली की ती काहीतरी मागते. पहिल्या रविवारी आजीचा गुडघा, दुसऱ्या रविवारी लिफ्ट दुरुस्त होऊ दे, तिसऱ्या रविवारी काकूंची मांजर. चौथ्या रविवारी तिनं खूप वेळ विचार केला आणि म्हणाली, "सगळे." आम्ही तिघं आमेन म्हणालो, धाकट्यानं फुंकर मारून पणती विझवली आणि ती पुन्हा लावावी लागली.

चोवीसला परात गोठ्यात ठेवली तेव्हा गवत बैलाच्या शिंगांच्या वर गेलं होतं. नाताळानंतर ते काकूंनी मागून नेलं, मांजरीसाठी. राजे वेळेवर पोचले, दोनच. तिसरा अजून घरात कुठेतरी आहे.