परतीचा वारा

रत्नागिरीत पाहुणा आला की त्याला काय काय दाखवायचे, याची एक यादी घरोघरी ठरलेली असते. रत्नदुर्गावरची भगवती, थिबा राजाचा वाडा, टिळकांचे जन्मस्थान, मांडवीची जेटी आणि सवड असली तर गणपतीपुळे. या यादीत वारा नसतो. वस्तुतः तो या गावाचा सर्वांत जुना रहिवासी. सकाळी नऊपर्यंत तो निजलेला असतो, दहा-अकराला आळोखेपिळोखे देत उठतो आणि दुपारी दोननंतर समुद्रावरून असा काही सुटतो की दोरीवरचे धोतर शेजाऱ्याच्या कुंपणावरून सोडवून आणावे लागते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असा धडा असतो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा धावते, ते खारे. रात्री सगळे उलटे, ते मतलई. घाटावरच्या मुलांना हा धडा पाठ करावा लागतो. आमच्याकडे तो अंगणात बसल्या बसल्या कळतो. असा आपला माझा समज होता.

आमचे मूळ घर कशेळीला. कनकादित्याचे देऊळ पाहायला गेलेल्यांना हे गाव ठाऊक असेल. घरात आता कोणी राहत नाही, पण वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जीव तिथे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी त्यांना गाडीत घालून कशेळीला नेतो. ते कलमांखाली हिंडतात, विहिरीत डोकावतात, कुलूप उघडून घराला थोडा श्वास घेऊ देतात, आणि चार वाजता आम्ही परत फिरतो.

हा रस्ता फार देखणा आहे. भाट्याच्या पुलावर चढलात की डाव्या हाताला काजळी नदीचे रुंद पात्र आणि उजव्या हाताला खाडीचे मुख. पूल उतरताच किनाऱ्यावरचे सुरूचे बन, झरी विनायक, मग नारळ संशोधन केंद्राच्या बागा. पुढे फणसोप, कसोप, कोळंबे करीत रस्ता चढतो आणि गोळपचा सडा लागतो. सडा म्हणजे काय ते ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण. काळा-तांबडा जांभा कातळ, पावसाळ्यात गवताने आणि इवल्या फुलांनी झाकलेला, उन्हाळ्यात तव्यासारखा, आणि आडोसा म्हणून काही नाही. मग उताराने पावस, स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर, पूर्णगडाचा किल्ला, मुचकुंदीवरचा पूल, पलीकडे गावखडी, आणि चढून गेले की कशेळी. तासाभराचा प्रवास, माझ्यासारख्या सावकाश हाकणाऱ्याला थोडा अधिक.

जाताना अण्णा अखंड बोलत. हे कलम कोणी लावले, ती बाग कोणी विकली, या वळणावर १९७० च्या सुमारास एस. टी. कशी रुतली होती, अमक्याच्या मुलाला त्यांनी पाढे कसे पाठ करून घेतले. घरी आम्ही दोघे असे बोलत नाही. घरात मी पेपर तपासतो, ते वर्तमानपत्र वाचतात. बोलणे होते ते औषधांचे. आमची बैठक म्हणजे ही गाडी. परंतु येताना मात्र ते गप्प. गावखडी ओलांडली की दोन वाक्ये, पावसला एखादा हुंकार, आणि सड्यावर आलो की समोर पाहत बसलेले.

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. घर सोडून निघालेला म्हातारा मूक होतो याचा अर्थ मला आणखी कोणी सांगायला हवा होता काय? मी तो लावून टाकला. मीही आदराने गप्प राहू लागलो. इतकेच नव्हे, तर त्या मौनावर एक लघुनिबंधही लिहायला घेतला होता. अडीच पाने झाली होती.

गेल्या एप्रिलातल्या एका रविवारी, सड्यावर, अण्णांनी कानातले यंत्र काढले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. मी गाडी बाजूला घेतली. "काय झालं, अण्णा? दुखतंय का?"

"दुखत नाही रे. कुकरची शिटी लागल्यासारखी लागते कानात. दर वेळी काढतोच मी इथे. तुला आज दिसलं."

म्हणजे तो कुकर नेमका येतानाच लागत होता, आणि मी त्यावर अडीच पाने भावना खर्च केली होती.

मला तो आवाज ऐकू येत नव्हता असे नाही. पण निरोगी कान पुष्कळ गोष्टी माफ करतो. दाराच्या वरच्या अंगाला एक बारीकशी 'स्स्स' असायची, इतकेच. ती अण्णांना का छळावी, हे त्यांच्या कानाच्या डॉक्टरांनी उलगडून सांगितले तेव्हा मला माझाच विषय नव्याने भेटला. वयाबरोबर कान जातो तो वरच्या पट्टीकडून. स्वर खालच्या पट्टीतले, जोरकस. ते शेवटपर्यंत शाबूत राहतात. अडचण होते ती व्यंजनांची. त्यातही श, स यांसारखी उष्मव्यंजने आणि क, त, प यांसारखे अघोष वर्ण. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, "आवाज येतो, शब्द कळत नाही." यंत्र नेमकी तीच वरची पट्टी उचलून देते. आणि फटीतून निघणारी हवा सूं करते तीही तिथेच! म्हणजे यंत्राच्या लेखी वारा हाही एक न संपणारा सकारच. तो मोठा करून कानात ओतायचा आणि त्याखाली माझी सगळी व्यंजने बुडवायची, असा तो प्रकार होता.

पण येतानाच का? याचे उत्तर पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या मित्राने चहाच्या पेल्यावरून दिले. उन्हाळ्यात दुपारचा आपला वारा बहुधा वायव्येचा. सकाळी आम्ही दक्षिणेकडे जातो तेव्हा तो निजलेला. चारला उत्तरेकडे निघालो की तो समोरून. गाडीचा काटा साठ दाखवतो, पण समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असला तर काचेला आणि दाराला भेटणारी हवा ऐंशीची. आणि हा आवाज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या पाचव्या-सहाव्या घाताच्या आसपास वाढतो. साठाचे ऐंशी झाले की ध्वनीची ताकद चार ते साडेपाच पट! मतलई आणि खारे वारे पाठ असलेल्या माणसाला हे सुचू नये, याची मला अजून लाज वाटते.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय टपावरच्या एरियलवर. मित्र म्हणाला, "ते गात असेल तर सुरात गाईल." व्हिन्सेंझ स्ट्रौहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने १८७८ साली हवेत ताणलेल्या तारांचे हे गाणे मोजले. बारीक दांडीमागे हवेचे भोवरे आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे सुटतात, आणि वेग वाढेल तसा सूर चढतो. चार मिलिमीटरची दांडी ताशी साठला सेकंदाला आठशेहून थोडी अधिक कंपने देते, ऐंशीला अकराशेच्या घरात जाते. साठावर षड्ज धरला तर ऐंशीवर शुद्ध मध्यम आणि नव्वदीवर पंचम. गाडी नव्वदीला न्यायचे धाडस मी केले नाही. भाट्याच्या सुरूच्या बनात जी अखंड हुंकारासारखी घुमणी ऐकू येते तीही याच जातीची, हजारो सुयांची. (तिच्यावर मी तरुणपणी एक कविता केली होती. असो.) आमच्या आवाजाला मात्र सूर म्हणून नव्हता, नुसता फूत्कार. एरियल काढून पाहिले, काही फरक नाही. तिच्यावर मळसूत्री वेटोळे असते ते भोवऱ्यांची शिस्त मोडण्यासाठीच, हे मात्र त्यानिमित्ताने कळले.

दुसरा संशय समोरच्या काचेवर. आदल्या वर्षी हातखंब्याजवळ एका चिऱ्याच्या ट्रकमधून खडा उडून ती तडकली होती आणि मी ती नवी बसवून घेतली होती. मी त्या दुकानदाराकडे जाऊन चार शब्द बोललो, आणि त्यांतले दोन बोलायला नको होते. त्याने शांतपणे नळी आणून काचेच्या कडेवर पाच मिनिटे पाणी सोडले. आत एक थेंब नाही. पाणी अडले म्हणजे हवा अडलीच असे नव्हे, हा युक्तिवाद मला घरी आल्यावर सुचला, आणि सुदैवाने तेव्हाच सुचला, कारण काच खरोखरच निर्दोष होती.

अखेर मित्राने पद्धतशीर उपाय सांगितला. रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी घ्यायची, गाडीच्या बाहेरच्या सगळ्या फटी झाकायच्या, मग एकेक पट्टी सोलायची आणि दर वेळी त्याच रस्त्याने, त्याच वेगाने, त्याच दिशेने जायचे. सड्यावर तीन दुपारी आम्ही हा उद्योग केला. गाडीचा अवतार अपघात विभागातून सुटलेल्या रोग्यासारखा. एक मासेवाली थांबून म्हणाली, "मास्तर, गाडीला काय लागलं ओ?" मागच्या बाकावर माझा एक विद्यार्थी रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे टोक दाराच्या कडेने फिरवीत बसला होता, व्याकरणाच्या तासाला त्याने इतके कान कधी दिले नव्हते. सगळ्या पट्ट्या लावल्यावर गाडी देवळासारखी शांत झाली. आरशाभोवतीची सोलली, शांत. काचेची सोलली, शांत. डाव्या पुढच्या दाराच्या वरच्या कडेची सोलली आणि साप जागा झाला.

घरी येऊन दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावले. बाकी तिन्ही दारांत ती अशी घट्ट बसली की ओढताना फाटते की काय असे वाटले. चौथ्यात, वरच्या मागच्या कोपऱ्याशी, अलगद हातात आली. रबराला तोंडाला लावायची पावडर फासून दार बंद केले आणि उघडले. चौकटीवर पांढरी रेघ उमटली, ती त्याच कोपऱ्यात वीतभर तुटलेली.

मिस्त्रीकडे गेलो. त्याने दाराच्या चौकटीवरून नुसता अंगठा फिरवला. "सर, हवा भायरनं आत येत नाय. आतली भायर जाते." हे मला पटेना. त्याने विचारले, "निसर्ग वादळात कौलं आत पडली का वर उडाली?" ३ जून २०२० ला ते वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली-मंडणगडकडे छपरे कशी उचकटून गेली होती ते मी पाहिले होते. गाडीचेही तेच. वाकड्या कडेवरून हवा पळत जाते, तिथला दाब उतरतो, दाराची चौकट बाहेर ओढली जाते, आणि रबर सैल असले की आतली हवा त्या फटीतून शीळ घालीत निसटते.

"आणि वाकली कशी चौकट?" मी विचारले.

मिस्त्री म्हणाला, "कोन वयस्कर मानूस बसतो का हितं? उठताना दार वरनं धरून उठत आसल. पाच-सात वर्षं धरलं की लोखंड काय करनार?"

मी काही बोललो नाही. अण्णांची ती उठण्याची रीत माझ्या डोळ्यांसमोरची: एक पाय बाहेर, डावा हात दाराच्या वरच्या कोपऱ्याला, 'हरी हरी' म्हणून एक हिसका. मी दर वेळी गाडीला वळसा घालून जाईपर्यंत ते उभे राहिलेले असत. मी अंमळ लवकर गेलो असतो तर त्यांना दाराची गरज पडली नसती.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. दाराच्या पोटाशी लाकडी ठोकळा ठेवून, वर गुडघा टेकून मिस्त्रीने चौकट हळूहळू आत दाबली, खटक्याचा ठोकळा केसभर आत सरकवला, त्या दाराचे रबर नवे घातले. चौकटीवर जरासा रंग उडाला तो त्याने ब्रशाने लावून दिला. मग मी त्याच्याकडून आतल्या बाजूला, टपाखाली, एक मजबूत कडी बसवून घेतली, आणि बाजारातून पायाखाली ठेवायला एक चौरंगवजा स्टूल आणले. काचेच्या दुकानदाराकडे जाऊन त्या दोन शब्दांबद्दल माफी मागितली. त्याने चहा पाजला. अण्णांना मी एवढेच सांगितले की रबर जुने झाले होते.

पुढच्या रविवारी चारला कशेळीहून निघालो. वारा नेहमीसारखा समोरून. गावखडीचा पूल गेला, पावस गेले, सडा आला. यंत्र कानातच होते.

"कडी चांगली आहे," अण्णा म्हणाले.

"हो. सोयीची."

"रंग जरा निराळा लागलाय दाराला वरती. मी धरायचो तिथेच."

मी रस्त्याकडे पाहत राहिलो.

"सांगितलं असतंस तरी चाललं असतं रे. मुलांच्या पाट्या फुटायच्या तेव्हा मी कोणी फोडली म्हणून विचारत असे आणि सगळी गप्प बसायची, तसा बसलायस." मग जरा थांबून, "बरं, ते असू दे. तुला भाट्याच्या तरीची गोष्ट सांगितली होती का? पूल नव्हता तेव्हाची?"

सांगितली नव्हती. पावसाळ्याचे दिवस, खाडीला उधाण, आणि तरीत अण्णा, शाळेच्या परीक्षेचे पेपर डोक्यावर धरून. फणसोपपर्यंत तरी किनारा सुटली नव्हती. झरी विनायकापाशी ती खाडीच्या मध्यावर होती, आणि आम्ही पुलावरून वरच्या वर पार झालो तरी खाली अण्णांची तर अजून हेलकावेच खात होती. घर आले. गाडी थांबवण्यापूर्वी मी त्यांच्याकडे पाहिले, आणि फाटकावरून तशीच पुढे काढून थिबा पॉइंटच्या रस्त्याला लावली.