पैसे भरून डोंगर चढले, तेव्हा

"काऊन वं, पैसे भरून पळतं का कोणी?" मी ट्रेल रेसमध्ये नाव नोंदवल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न हा होता.

त्यांचं बरोबरच होतं. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे पळायला काहीतरी कारण लागतं. पहाटे रस्त्याच्या कडेने पोट्टे धावताना दिसले, की भरतीची तयारी चालली आहे हे न विचारता कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावच्या मधल्या जाम नदीत गोटमार होते, तेव्हाही लोक पळतात, पण ते डोकं वाचवायला! आठवडाभर ऑफिसात बसणाऱ्या पोरीने रविवारी पहाटे डोंगरावर जाऊन घाम का गाळावा, हे बाबांना समजत नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं.

पुण्याजवळ दर हिवाळ्यात एसआरटी अल्ट्रा नावाची शर्यत होते. सिंहगड, राजगड आणि तोरणा या तीन किल्ल्यांच्या नावांची ती आद्याक्षरं. त्यात ११ किलोमीटरपासून १०० किलोमीटरपर्यंतचे टप्पे असतात. मी २५ किलोमीटरचा निवडला. रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन त्याआधी दोनदा केली होती, त्यामुळे चार किलोमीटर जास्त म्हणजे काय मोठंसं, असा माझा हिशोब होता. तो हिशोब सिंहगडाच्या चढावरच चुकला.

अंधारात कपाळावर बॅटरी बांधून आम्ही निघालो. पुढे दिव्यांची रांग हळूहळू वर सरकत होती. सगळे पळताहेत म्हणून मीही पळाले. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच आहे. अर्ध्या चढातच छाती भात्यासारखी हलू लागली. माझ्या बाजूने साठीच्या एक बाई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, छोटी छोटी पावलं टाकत शांतपणे चालत पुढे निघून गेल्या. त्या चालत होत्या आणि मी पळत होते, तरी त्या पुढे आणि मी मागे!

तिथे मला पचमढी आठवली.

आपल्यापैकी अनेक घरांतून नागपंचमीच्या आधी कोणी ना कोणी नागद्वारीला जातं. ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पचमढीच्या जंगलात, सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या आत ही वाट आहे. एरवी बंद असते, वर्षातून फक्त नागपंचमीच्या सुमारास काही दिवस उघडते. भर पावसात, निसरड्या दगडांवरून, ओढे ओलांडत दहा-बारा किलोमीटरपेक्षा जास्त डोंगर तुडवायचा. विदर्भातून आणि छिंदवाडा, बैतूलकडून लाखो मराठी माणसं तिथे येतात. वाटेत सगळे एकमेकांना 'भगत' म्हणतात. हुद्दा, जात, पगार कोणी विचारत नाही.

बाबांनी मला अकराव्या वर्षी नेलं होतं. सौंसरहून छोट्या लाइनीच्या गाडीने छिंदवाडा आणि तिथून पुढे बस. पहिल्याच चढावर मी धावत सुटले आणि थोड्या वेळाने दगडावर बसून रडू लागले. बाबा रागावले नाहीत. शेजारी बसले, शेंगदाणे-गूळ हातावर ठेवला आणि म्हणाले, "चढावर बोलायचं नाही, उतारावर घाई करायची नाही, अन् भूक लागायच्या आधी खायचं. मग डोंगर काही करत नाही."

सिंहगडावर मी पळणं थांबवलं आणि चालू लागले. खिशातली चिक्की काढून खाल्ली. श्वास जागेवर आला. गंमत म्हणजे नंतर अनुभवी धावपटूंनी मला हेच तीन नियम शिकवले, फक्त त्यांची भाषा जरा वेगळी होती. तीव्र चढ चालतच चढायचा, कारण तिथे पळून वेळ फारसा वाचत नाही, दम मात्र संपतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला ब्रेक लावत असतात, म्हणून खरी दुखापत आणि दोन दिवसांनी येणारा ठणका उताराचा असतो. आणि पोट रिकामं झाल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो.

कल्याण दरवाजातून बाहेर पडल्यावर राजगडाच्या दिशेने जाणारी डोंगराची सोंड लागते. उजाडलं होतं. दोन्ही बाजूंना दरी, पायाखाली सुकं गवत आणि घसरणारी माती. साधारण सतराव्या किलोमीटरला उतारावर माझा पाय घसरला आणि मी आपटले. गुडघा फुटला. लागलं त्यापेक्षा घाबरले जास्त. त्याच दगडावर बसून राहिले आणि आतापर्यंत मागे ठेवलेली एक गोष्ट समोर आली.

तीन वर्षांपूर्वी बाबांनी फोन केला होता. "गुडघा म्हणते आता हे शेवटचं. नागद्वारीला येतं का संगं?" मी म्हटलं, सुट्टी मिळत नाही. खरं म्हणजे मी मागितलीच नव्हती. चिखलातून अनवाणी चालणाऱ्या गर्दीत जायला मला तेव्हा कमीपणा वाटत होता. बाबा शेजाऱ्यांबरोबर गेले आणि परत आले ते काठी टेकत. त्यानंतर त्यांची यात्रा बंद झाली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. आणि आज या शर्यतीसाठी मी शुक्रवारची सुट्टी टाकली होती, बूट घेतले होते, फी भरली होती!

मागून आलेल्या एका मुलाने मला हात देऊन उठवलं, स्वतःचं पाणी गुडघ्यावर ओतलं आणि म्हणाला, "चला ताई, सोबत जाऊ." त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. शेवटचे आठ किलोमीटर आम्ही जवळजवळ न बोलता काढले. वेळ संपायच्या थोडंसंच आधी मी पोहोचले. पदक मिळालं. माझा नंबर किती आला ते पाहण्याची गरज वाटली नाही.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांनी वेळ विचारली नाही. विचारलं, "वाटेत पाणी, खायला कोण देत होतं?"

"स्वयंसेवक होते ठिकठिकाणी. केळी, संत्री, मीठ लावलेले बटाटे."

"संत्री? आपल्याकडची होती का?"

"माहीत नाही, बाबा."

"म्हणजे भंडाराच झाला की." ते हसले. मग थोडं थांबून म्हणाले, "पडली का कुठं?"

मी हो म्हटलं. आणि मग तीन वर्षांपूर्वीचंही सांगितलं, की सुट्टी मी मागितलीच नव्हती. फोनवर बराच वेळ शांतता होती. "मले मालूम होतं वं," ते म्हणाले, "नवीन नोकरी होती तुही. डोंगर कुठं पळून जाते?"

आपल्यापैकी बरीच मुलं आता पुण्यात, बंगळुरूत, परदेशात आहेत. धावायला लागला असाल तर छानच, जरूर धावा. फक्त घरी गेलात, की आजी-आजोबांना विचारा ते महादेवाला कसे चढले होते. कोणत्याही प्रशिक्षकाइतकं त्यांना माहीत असतं आणि ते फी घेत नाहीत.

या वर्षीच्या नागपंचमीसाठी मी आठवडाभराची सुट्टी मागितली आहे. बाबा चढणार नाहीत. ते पचमढीला खालीच एका मंडळाच्या भंडाऱ्यात पोळ्या वाढायला बसणार आहेत. वर मी जाणार आहे, चालत.