मोजणारा माणूस

विष्णुपुरीला मोजमापाचे अप्रूप नसावे. गोदावरीचे पाणी उपसून शेतांना देणारा प्रकल्प इथे आहे. त्याच्या जलाशयाला शंकरराव चव्हाणांचे नाव आहे. श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून इथे अभियंते घडवते. तरीही याच परिसरात घर बांधायला काढणाऱ्या माणसाच्या बाजूने मोजणारा मात्र सहसा कोणी नसतो.

इंग्लंडात हा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याला क्वांटिटी सर्व्हेयर म्हणतात. नकाशावरून प्रत्येक कामाचे परिमाण काढायचे, त्याची यादी करून निविदा ताडून पाहायच्या, झालेले काम टप्प्याटप्प्याने मोजायचे, जादा कामाचा हिशेब ठेवायचा आणि अंतिम देयक ठरवायचे, हे त्याचे काम. आपल्या सरकारी बांधकामांत हीच जबाबदारी अभियंत्याची असते. त्यासाठी दरसूची असते, मोजमाप पुस्तिका असते. खासगी घराला असते ती फक्त ठेकेदाराची डायरी.

आमच्या घराच्या गिलाव्याचे बिल आले, तेव्हा शेजारचे एक निवृत्त शाखा अभियंता टेप घेऊन आले. ठेकेदाराने भिंती सलग धरल्या होत्या. दारे-खिडक्या वजाच केल्या नव्हत्या. शेजाऱ्यांनी भारतीय मानक १२०० मधला नियम सांगितला. दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करायची नाही. त्याहून मोठी, पण तीन चौरस मीटरपर्यंतची, एकाच बाजूने वजा करायची. दुसरी बाजू का सोडायची? कारण भिंतीच्या जाडीतल्या कडांनाही गवंडी गिलावा करतो आणि त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीसाठी इतका न्यायविचार कोणीतरी आधीच करून ठेवला होता, याचे मला नवल वाटले.

बिल उतरले. पण गच्चीच्या कठड्याचा आतला गिलावा ठेकेदार लिहायलाच विसरला होता. तो शेजाऱ्यांनी स्वतःहून मिळवला आणि आम्ही त्याचे पैसे दिले. मोजणारा आपल्या बाजूने असणे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले.

याहून बोचणारी गोष्ट नंतर कळली. ठेकेदाराने मिस्त्रीला ब्रासच्या हिशेबाने पैसे दिले होते, आणि ते देताना मात्र सगळी दारे-खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा केली होती. एकच भिंत घेताना सलग होती, देताना मोकळी. जास्तीची मोजणी मालकाच्या खिशातून जाते, तर कमीची मोजणी मजुराच्या घामातून.

शेजारी म्हणाले, "सर, गिलावा नंतरही मोजता येतो. सळई काँक्रीटखाली गेली की ती कागदावरच उरते." बारा मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला सुमारे ०.८९ किलो भरते. स्लॅब ओतण्यापूर्वी तिची लांबी आणि संख्या टिपली, तरच त्या आकड्याला अर्थ.

साहित्याच्या वर्गात आम्ही 'मूल्यमापन' हा शब्द सढळ हाताने वापरतो. त्यातले मूल्य सांगण्याची आम्हाला घाई असते. मापन बहुधा राहूनच जाते. वास्तविक मत देण्यापूर्वी समोरची वस्तू नेमकी किती आहे, काय झाकले गेले आहे आणि कोणाचे श्रम हिशेबातून सुटले आहेत, हे पाहायला हवे. विष्णुपुरीत आज नवे घर काढणाऱ्याला माझे सांगणे साधेच आहे: ठेकेदार ठरवण्याआधी परिमाणांची यादी करून घ्या, मोजण्याचा नियम करारात लिहा, आणि मोजणी होईल तेव्हा मिस्त्रीलाही शेजारी उभे करा.